वहीतले तेरा ढग

गोपाळकृष्ण मुजुमदारांनी एकवीस वर्षांत सूर्याविषयी एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. स्वतःविषयी मात्र दोन हजार चारच्या पावसाळ्यात त्यांनी तेरा लिहिल्या. त्या तेरा ओळींपायी दसऱ्याच्या आठवड्यात ते इंदूरच्या डॉक्टरांसमोर असे बसले होते, की खरं बोलावं तर बायको मोडून पडेल आणि खोटं रेटावं तर स्वतःचा जीव जाईल.

नोकरी उज्जैनच्या वेधशाळेतली. लोक येतात, 'जंतर-मंतर' म्हणतात, भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात आणि महाकालला जायला ऑटो पकडतात. रोज भर दुपारी तिथे कुणीतरी शंकूची, म्हणजे गोल चौथऱ्यामधल्या उभ्या काठीची, सावली मोजून रजिस्टरात लिहितं, हे त्यांच्या गावीही नसतं. ते कुणीतरी म्हणजे मुजुमदार. उज्जैनची खरी दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही. ती ऋतूप्रमाणे बारा दहापासून बारा चाळीसपर्यंत सरकत राहते, आणि मुजुमदारांचं जेवणही तिच्या मागोमाग सरकतं. आधी सावली, मग डबा.

आभाळ भरून आलं की सावली पडत नाही. ती किती पडली असती हे मुजुमदारांना गणितानं केसाइतकं अचूक सांगता येतं. रुजू झाल्या वर्षी उत्साहाच्या भरात त्यांनी एक रकाना तसा भरलाही होता. साहेबांनी तो आकडा लाल शाईनं खोडला, वर 'ढग' असं लिहिलं आणि म्हणाले, "मुजुमदार, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. तुमचं गणित बरोबर असेल हो, पण मग नोंद कशाला ठेवायची?" तेव्हापासून पावसाळ्यातली त्यांची पानं 'ढग, ढग, ढग' अशी भरलेली असत, आणि त्या पानांचाच त्यांना जास्त अभिमान होता.

अशा माणसाला दोन हजार तीनच्या दिवाळीआधी रक्ताचा कॅन्सर निघाला. थकवा येतो म्हणून फ्रीगंजमधल्या पॅथॉलॉजीत रक्त दिलं, तर पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत असायच्या त्या एक लाख ऐंशी हजार. इंदूरच्या डॉक्टर नागरांनी रोज एक गोळी लिहून दिली. नवीच निघालेली. दोन अटी घातल्या: एक दिवसही चुकवायची नाही, आणि रिकाम्या पोटी घ्यायची नाही. भरपेट जेवण, वर मोठा ग्लास पाणी.

मुजुमदारांची मुलगी गौरी दिल्लीला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. तिनं बाबांसाठी लाल पुठ्ठ्याची छोटी वही पाठवली. रोजची तारीख, समोर गोळी घेतल्याची बरोबरची खूण. "बाबांना काय, नोंदी ठेवायला सांगितल्या की अर्धा आजार बरा," ती फोनवर आईला म्हणाली. क्रम लागला: सावली, डबा, गोळी, खूण. मीनाबाई संध्याकाळी वही उघडून बघत आणि उदबत्ती लावत. फेब्रुवारीत पेशी नऊ हजारांवर आल्या.

आता मीनाबाईंचं असं, की औषध डॉक्टरांचं आणि गुण महाकालाचा, अशी त्यांची सरळ वाटणी होती. आजार कळला त्याच दिवशी त्या नवस बोलून आल्या होत्या: हे बरे झाले तर श्रावणातले सगळे सोमवार कडक उपास करतील. सवारी, म्हणजे महाकालाची पालखी, डोळ्यांनी बघेपर्यंत पाणीसुद्धा नाही, मग नुसता फराळ, आणि अन्न दुसऱ्या दिवशी. नवस त्यांचा आणि उपास नवऱ्याचा!

उज्जैनच्या मराठी घरात 'श्रावणातले सोमवार' म्हणणं सोपं नाही. गावाचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, आपला अमावस्येनंतर. महाकालाची पालखी दोन्हींचा मान राखून दोन्ही श्रावणांत निघते, म्हणून घरातले उपासही दोन्हींचे. त्यात त्या वर्षी नेमका अधिक श्रावण आला. बोटं मोजून हिशेब सांगितला तो मुजुमदारांनीच, कारण पंचांग त्यांच्या टेबलावरच तयार होत असे.

"अकरा सोमवार," ते म्हणाले. "पाच जुलै ते तेरा सप्टेंबर."

"आणि अधिकाच्या दोन एकादशा. त्या कशा सोडायच्या?" मीनाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "अहो, पण गोळीचं काय? जेवणाबरोबर घ्यायची ना ती?"

त्यांनी विचारलं होतं. हे मुजुमदारांना पुढे फार टोचलं. तेव्हा त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. आजार कळल्यापासून पहिल्यांदा ते इतकं मोकळं दिसत होतं. "डॉक्टरांना विचारतो फोन करून," ते म्हणाले. फोन केला नाही. संध्याकाळी सांगितलं, "फराळाबरोबर चालते म्हणाले."

पहिल्या सोमवारी त्यांनी खरोखर प्रयत्न केला. गोपाळ मंदिराच्या गर्दीत पालखी पाहिली, दोन केळी खाल्ली, गोळी घेतली. दहा मिनिटांत पोट ढवळून सगळं बाहेर आलं. पुढच्या सोमवारी त्यांनी गोळी काढली, हातात धरली आणि पितळ घासायच्या पावडरीच्या रिकाम्या डबीत टाकली. संध्याकाळी वही बघितली जाणार होती. त्यांनी खूण केली. पेन्सिल अडखळली म्हणावं, तर तसंही नाही. सरळ उमटली.

सप्टेंबर संपताना पेशी सव्वीस हजार झाल्या.

गौरी दसऱ्याची सुट्टी काढून धावत आली. आल्या आल्या तिनं वही मागितली, सगळी पानं चाळली आणि तिचा चेहरा उतरला. "एकही दिवस चुकलेला नाही. म्हणजे आई, हे वाईट आहे ग."

"काय वाईट? नीट सांग. मला अर्धं अर्धं समजत नाही," मीनाबाई शिलाई मशीनवरून म्हणाल्या. समोर शेजारणीचं पोलकं पसरलं होतं. मुजुमदार दाराशी वर्तमानपत्र धरून बसले होते. वाचत नव्हते.

गौरी पाटावर बसली. "बाबांच्या रक्तात एक बिघडलेलं प्रथिन आहे. त्याचं काम पेशीला 'वाढ' असा हुकूम द्यायचा. चांगलं असतं तेव्हा गरजेपुरतं उघडतं, हुकूम देतं आणि मिटतं. बिघडलेलं उघडंच राहतं. त्याला एक खाच आहे, खिशासारखी. ही गोळी त्या खिशात जाऊन बसते आणि त्याला मिटलेलं धरून ठेवते."

"डोळ्याला न दिसणाऱ्या वस्तूचा खिसा तुम्हाला कसा दिसला?"

"स्फटिक करून. माझं तेच काम आहे ना. ते प्रथिन शुद्ध करायचं, काचेच्या खाली थेंब उलटा टांगायचा आणि वाट बघायची. आठवडे, महिने. नशीब असेल तर थेंबात खडीसाखरेसारखा बारीक खडा जमतो. त्यात सगळे कण ओळीनं, एकसारखे रचलेले असतात. त्यावर क्ष-किरण सोडले की ते विखुरतात आणि पलीकडे ठिपके पडतात." तिनं पिशवीतून एक फोटो काढला. पांढऱ्या कागदावर शेकडो काळे ठिपके. "प्रत्येक ठिपका किती काळा, कुठे पडला, ते मोजायचं. त्यावरून गणितानं आकार निघतो."

फोटो मुजुमदारांच्या हातात आला. "सावलीवरून," ते हळूच म्हणाले.

"अगदी तेच, बाबा!" गौरी खूश झाली. "आणि एखादा ठिपका कुणी मनानं भरला, तर खिसा भलतीकडेच दिसेल."

मुजुमदारांनी फोटो परत दिला.

"मग आता वाईट काय झालं?" मीनाबाईंनी धागा दातानं तोडला.

"कधी कधी त्या प्रथिनात एखादा कण बदलतो आणि खिशाचा आकार बिघडतो. मग गोळी आत बसत नाही. हे बघ, हे पोलकं त्या काकूंच्या मापाचं आहे. त्यांचा दंड सुजला तर?"

"उसवून पुन्हा बेतावं लागेल."

"तेच चाललंय. या गोळीवर काम करणाऱ्या लोकांनी ती खिशात बसलेली असतानाचा स्फटिक केला. कुठे घट्ट होते, कुठे सैल, ते पाहिलं आणि नवी औषधं बेतली. त्यातल्या एकाची चाचणी मुंबईला सुरू होतेय. डॉक्टर नागर बाबांचं नाव देणार आहेत." मग तिचा आवाज खाली आला. "फक्त एक बदल असा आहे, की खिशाच्या तोंडाशीच एक उंचवटा येतो. मग जुनी गोळीही आत जात नाही आणि नवीही. त्यावर अजून कुणाकडे काही नाही."

मशीन थांबलं.

"गौरी," मुजुमदारांनी विचारलं, "गोळी एखादा दिवस नसली तर?"

"तर तेवढा वेळ ते पुन्हा उघडणार. पेशींना तेवढीच फुरसत. आणि जितक्या पेशी वाढतील, तितकी त्यातल्या एखादीत आकार बदलायची शक्यता. पण तुमचं तसं नाहीये ना, बाबा. तुमची वही आहे."

दुसऱ्या दिवशी देवास गेटवरून इंदूरची बस धरली. पँटच्या खिशात ती पावडरीची डबी होती. ती कशाला घेतली हे मुजुमदारांना सांगता आलं नसतं. खड्डा आला की आत बारा गोळ्या खुळखुळत, आणि ते खिशावर हात दाबून धरत.

"काय वाजतंय हो?" मीनाबाईंनी विचारलं.

"किल्ल्या."

पंधरावी खोटी ओळ, त्यांनी मनात मोजली. डॉक्टरांना फोन केल्याची चौदावी.

सांवेर मागे पडलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या मांडीवर महाकालाच्या प्रसादाची पुडी होती. ही बाई अकरा सोमवार त्यांच्याबरोबर निर्जळी राहिली होती. त्या उपासानंच औषध तुटलं हे तिला कळलं, तर ती उरलेलं आयुष्य कशाच्या आधारावर काढणार? गप्प राहिलं तर नवं औषध मिळेल. नवं औषध जुन्यापेक्षा वाईट थोडंच असणार? असा विचार त्यांनी सांवेरपासून इंदूरपर्यंत चारदा केला, आणि चारही वेळा तो त्यांना आयता भरलेल्या रकान्यासारखा वाटला.

डॉक्टर नागरांनी रिपोर्ट पाहिला. वही पाहिली. "वाह मुजुमदारजी, ऐसा रिकॉर्ड तो मेरा कोई मरीज़ नहीं रखता."

"सर, इनके रिकॉर्ड पर पंचांग छपता है," गौरी अभिमानानं म्हणाली.

"तो बात साफ़ है. दवा पूरी ली, फिर भी सफ़ेद सेल बढ़े. मतलब दवा हार गई." त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. "आकार की जाँच के लिए खून आज मुंबई भेजेंगे. लेकिन ट्रायल में दो ही जगह बची हैं, नाम आज ही देना पड़ेगा. यहाँ दस्तख़त कीजिए कि दवा लगातार ली. और पुरानी गोली आज से बंद."

"बंद?" मुजुमदारांनी विचारलं.

"दो हफ़्ते. नई से पहले शरीर ख़ाली होना चाहिए."

म्हणजे ज्या खिशात गोळी कदाचित अजूनही नीट बसत होती, तो खिसा चौदा दिवस मोकळा सोडायचा. तेरा दिवसांनी सव्वीस हजार केले होते. मुजुमदारांनी पेन उचललं. गौरीनं सहीची जागा बोटानं दाखवली. त्यांच्या कपाळावर घाम आला. पंखा तर डोक्यावरच होता.

"बाबा? बरं वाटत नाहीये का?"

"वही दे," ते म्हणाले.

"सही फॉर्मवर करायची आहे, बाबा."

"वही दे आधी."

त्यांनी जुलैचं पान काढलं. पाच तारखेसमोरच्या खुणेवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ढग. बारा तारीख, ढग. एकोणीस, ढग.

"अंकल, क्या कर रहे हैं?" डॉक्टरांच्या तोंडून 'मुजुमदारजी'चं 'अंकल' झालं. गौरी वहीकडे नुसती बघत राहिली. तिला 'ढग' माहीत होता, पण या तारखा तिच्यासाठी नुसत्या तारखा होत्या.

टेबलाच्या कडेला बसलेल्या मीनाबाई समोरून उलटं वाचत होत्या. सव्वीसवर रेघ पडली तेव्हा त्यांचा हात पुडीवर आवळला गेला.

"अहो," त्या म्हणाल्या. "हे सोमवार आहेत."

मुजुमदारांनी मान वर केली नाही. अठ्ठावीस जुलै, एकादशी. ऑगस्टचे सोमवार, दुसरी एकादशी, मग सप्टेंबरचे. तेरा होईपर्यंत ते लिहीत राहिले. मग खिशातून डबी काढून टेबलावर उपडी केली. बारा गोळ्या. "तेरावी गोपाळ मंदिरापाशी उलटून पडली," ते मराठीतच म्हणाले, आणि गौरीनं ते डॉक्टरांना हिंदीत सांगितलं.

डॉक्टर नागर उभे राहिले. "मैं आपकी चलती दवा बंद करने जा रहा था! समझते हैं आप? इस काग़ज़ पर आप मर सकते थे!" फॉर्म त्यांनी उभा फाडला. मग बसले, चष्मा पुसला. "खून तो जाएगा मुंबई. हो सकता है आकार ठीक हो और सिर्फ़ नाग़ा हुआ हो. यह भी हो सकता है कि इन्हीं तेरह दिनों में बदल गया हो. तीन हफ़्ते लगेंगे. तब तक वही गोली. रोज़. पेट भर के."

परतीच्या बसमध्ये तिघं तीन बाकांवर बसली. जागा असूनही. उज्जैन दिसायला लागल्यावर मीनाबाई उठून मुजुमदारांशेजारी येऊन बसल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला. गोळीचं काय, असं."

"हो."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"तुझा नवस होता."

"देवाला मी तुमचा उपास दिला होता, जीव नाही दिला!" पुढच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले. मीनाबाईंनी त्यांना "काय बघता?" अशा नजरेनं परत वळवलं. "मला भोळी समजलात. मी रडले असते, भांडले असते, पुजाऱ्याला विचारून आले असते. त्यानंही सांगितलं असतं की आजाऱ्याला उपास नाही. वर्षभर त्या खुणा बघून मी उदबत्ती लावली. खोट्या खुणांना!"

घरी पोचल्यावर त्या चप्पल न काढता महाकालला गेल्या. तासाभरानं परत आल्या. तिथे काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. स्वयंपाकघरातून फक्त एवढं ऐकू आलं: "नवस माझ्या तोंडाचा. उपास मी करीन. तुम्ही जेवायचं, आणि माझ्यासमोर."

तीन आठवडे घरात माणसं काठोकाठ भरलेलं ताट हातात धरल्यासारखी वागत होती, काही सांडू नये म्हणून. गौरी दिल्लीला गेली, पण दिवसाआड फोन. पेशी पुन्हा मोजायच्या नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिना होऊ दे म्हणून. मुजुमदार रात्री पडल्या पडल्या खिशाच्या तोंडाशी उंचवटा आला असेल का याचा अंदाज करत, आणि मग स्वतःलाच दटावत: दिसलेलं नाही ते लिहू नये.

सोमवारी मीनाबाई डबा घेऊन स्वतः वेधशाळेत येत. स्वतः काही खात नसत. नवरा जेवून गोळी गिळेपर्यंत चौथऱ्याच्या पायरीवर बसून राहत.

आठ नोव्हेंबरचा सोमवार. चार दिवसांवर दिवाळी. मध्यान्ह बारा अकराला होता. बारा आठला ऑफिसात फोन वाजला.

"गौरीचा असेल," मीनाबाई ताडकन उठल्या. "रिपोर्ट आला असेल. जा ना!"

मुजुमदार शंकूपाशी वाकले होते. सावली आखूड होत होत थांबायच्या बेतात होती. "तीन मिनिटं," ते म्हणाले.

"अहो, तीन मिनिटं काय? जीव आहे तुमचा!"

"तू जा."

त्या पदर खोचून अंगण ओलांडत धावल्या. फोन वाजायचा थांबला. मुजुमदारांनी सावलीच्या टोकावर नजर ठेवली. टोक थोडं थरथरत होतं. का त्यांचे डोळे, ते कळेना. बारा अकराला त्यांनी मोजलं, आकडा लिहिला. पुन्हा मोजलं. तोच आला. मग त्यांनी वर बघितलं.

मीनाबाई ऑफिसच्या दारातून बाहेर आल्या होत्या. धावत नव्हत्या. अंगण संपता संपेना. त्यांच्या चालीवरून काही कळतंय का, हे मुजुमदार बघत होते आणि काहीच कळत नव्हतं. त्या जवळ आल्या, पायरीवर बसल्या, धाप लागली होती. गुडघा धरून बसल्या.

"गौरी म्हणाली..." त्यांनी श्वास घेतला. "खिसा तसाच आहे म्हणे. काही बदललेलं नाही. हीच गोळी चालणार."

मुजुमदार तिथेच चौथऱ्यावर बसले. रजिस्टर मांडीवर.

"बसलात काय? जेवा," मीनाबाईंनी डबा उघडला. पोळी, वरण, वांग्याची भाजी. त्या सकाळपासून उपाशी. भाजीच्या वासानं त्यांनी तोंड जरा बाजूला केलं. मुजुमदार जेवले. सगळी पोळी संपवली. गोळी घेतली, वर ग्लासभर पाणी.

मग लाल पुठ्ठ्याची वही काढून त्यांनी पेन्सिल उचलली.

"थांबा," मीनाबाई पेन्सिल काढून घेत म्हणाल्या. "आ करा."

"अग, लोक बघतायत." दिल्लीकडचं एक टोळकं भिंतीपुढे फोटो काढत उभं होतं.

"बघू देत. आ करा."

उज्जैनच्या वेधशाळेत, भर दुपारी, चोपन्न वर्षांच्या मुजुमदारांनी आ केला. मीनाबाईंनी वाकून नीट पाहिलं, जिभेखालीही. मग पेन्सिल त्यांच्या हातात परत दिली.

"आता करा खूण."